वारसांची संमती

वर्षश्राद्धाला चांगुणा येईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. वडील, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा ती आली होती, पण तिरडी उठायच्या वेळेला आली आणि आल्या पावली परत गेली. माहेरच्या घोटभर पाण्यालाही शिवली नाही. लग्न झाल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत ती किती वेळा आली हे एका हाताच्या बोटांवर मोजून झालं असतं. म्हणून रविवारी सकाळी साडेदहाला जामखेडच्या घराचं फाटक वाजलं आणि हातात कापडी पिशवी घेतलेली ती अंगणात उभी दिसली, तेव्हा तिचा भाऊ अमृत चप्पल न घालताच अंगणात उतरला. आनंदाने की भीतीने, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानेच फोन केला होता. एकदा नाही, तीनदा.

"ये चांगू," तो म्हणाला. "गाडी मिळाली का लवकर?"

"दोन गाड्या बदलल्या," चांगुणा म्हणाली. "पाथर्डीतनं लवकरची मिळाली म्हनून बरं."

ती अमृतपेक्षा वर्षाने धाकटी, म्हणजे चव्वेचाळीसची. पण दोघांना शेजारी उभं केलं असतं तर परक्या माणसाने तिला थोरली म्हटलं असतं. केस पांढरे, समोरचे दोन दात पडलेले, तळहात चुलीच्या आणि भांड्यांच्या कामाने चिरा पडलेले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. पाथर्डी तालुक्यातल्या तिच्या डोंगराकडच्या गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अमृतला हे ठाऊक होतं. पण आपण इतक्या वर्षांत त्या गावची शाळा एकदाही पाहिली नाही, हे त्याच्या त्या घटकेला लक्षात आलं.

आत स्वयंपाकघरात मोनिका आणि सविता वड्या तळत होत्या. मोनिका अमृतची बायको, सविता तिघा भावंडांत सगळ्यांत धाकटी. केडगावला दिलेली, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, बोलायला चटपटीत. आदल्या संध्याकाळीच दोघींनी ठरवलं होतं की चांगुणा आलीच तर तिला आधी जेवू घालायचं, सावकाश गप्पा मारायच्या, आणि मग कागद पुढे करायचा. बोलणं सविताने करायचं. अमृतने मध्ये तोंड घालायचं नाही, कारण त्याला बहिणीपुढे बोलता येत नाही, असं मोनिकाचं म्हणणं.

"ताई रागीट नाहीये हो वहिनी," सविता म्हणाली होती. "घुमी आहे. तिला समजावून सांगितलं की ती ऐकते."

कागद म्हणजे संमतीपत्र. गेल्या वर्षी विधानसभेत चारित्र्य आणि जीवननिवड शिक्षणाचा कायदा झाला. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक सरकारी शाळेत आठवड्याला दोन तास; खरं कसं बोलावं, मोहाला कसं ठोकरावं, आयुष्यात पुढची वाट कशी निवडावी, हे मुलांना शिकवायचं. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या मातीतल्या माणसांवर एक पुस्तिका काढायची. त्या पुस्तिकेत चौथा पाठ होता गहिनीनाथ गुरुजी बोराटे यांच्यावर. म्हणजे अण्णांवर. चाचणीसाठी चाळीस शाळांना प्रती गेल्या होत्या. आता सगळ्या जिल्ह्यासाठी छपाई व्हायची होती, आणि कायद्यातच कलम होतं की मयत माणसावर पाठ असेल तर त्याच्या सगळ्या वारसांची लेखी संमती हवी. आई, अमृत आणि दोन्ही मुली. मुदत सोमवार.

अमृत स्वतः मुख्याध्यापक, आणि या कायद्याचा तालुक्याचा समन्वयक. चार महिन्यांत त्याने तालुक्यातल्या शिक्षकांची अकरा शिबिरं घेतली होती. प्रत्येक शिबिरात कुणी ना कुणी उठून म्हणायचं, सर, तुम्ही तर गुरुजींच्याच पोटचे, तुम्हाला वेगळं काय शिकायचं. तो हसून मान खाली घालायचा. जिल्ह्याच्या समन्वयकाची जागाही आता रिकामी होत होती, आणि तिथं त्याचंच नाव चाललं होतं.

पाठ समितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिला होता. अमृतने त्यात एक शब्द घातला नव्हता. पण लिहू नका, असंही म्हणाला नव्हता.

भटजी पिंड मांडून गेले. कावळ्याला घास ठेवला. पंगत उठली, शेजारपाजारचे पानसुपारी घेऊन पांगले, आणि दोनच्या सुमाराला हॉलमध्ये घरचीच माणसं उरली. आई, बनुबाई, खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची, कानाला कमी ऐकू येत असलं तरी ओठांच्या हालचालीवरून तिला सगळं कळायचं. तिच्या पायाशी अमृतची दहावीतली मुलगी ज्ञानेश्वरी. चांगुणा खाली सतरंजीवर, भिंतीला पाठ लावून. वर बस, वर बस, म्हणून मोनिकाने दोनदा सांगितलं, पण ती बसली नाही.

सविताने पुस्तिका उघडली. "ताई, अण्णांवर धडा आलाय. पोरं शिकणार आता अण्णांना. वाचून दाखवते, ऐक."

"मला पाठ हाय त्यो," चांगुणा म्हणाली.

सविता थांबली. "पाठ आहे म्हणजे?"

"आमच्या शाळंला आलंय पुस्तक. मंगळवार आन् शुक्रवार तास असतो. वर्गाच्या मागंच माझी चूल हाय. पोरं मोठ्यानं वाचत्यात, समदं ऐकू येतं." तिने डोळे किंचित मिटले आणि शाळेतलं पोर म्हणतं तशा एकसुरात म्हणू लागली. "'मार्च महिना होता. गणिताचा पेपर सुरू होता. गुरुजी पथकाबरोबर वर्गात शिरले. एका बाकाखाली त्यांना कॉपीची चिठ्ठी दिसली. त्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसली होती. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांचा निश्चय ढळला नाही. ते केंद्रप्रमुखांना म्हणाले, ही माझी मुलगी आहे, हिच्यावर आधी कारवाई करा.'" ती थांबली. "शेवटाला प्रश्न हाय. 'गुरुजींच्या जागी तुम्ही असता, तर कोणती निवड केली असती?' पोरं त्याचं उत्तर वहीत लिवत्यात."

सविताने पुस्तिका मांडीवर पालथी घातली.

अमृतने त्या पाठाची कितीतरी पारायणं केली होती, अकरा शिबिरांत शिक्षकांकडून मोठ्याने वाचून घेतला होता. पण त्या पाठातली मुलगी कुठंतरी चुलीपुढे बसून तो ऐकत असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तिथं कुणाला माहीत नाही ना, की ती तू?" सविताने हळूच विचारलं.

"न्हाई. माझं नाव न्हाई त्यात. नुस्तं 'मुलगी' हाय." चांगुणाने पदर सारखा केला. "एक पोरगी हाय सातवीतली. हुशार. ताट घ्यायला आली आन् मला म्हनली, मावशी, त्या पोरीचं पुढं काय झालं? म्हनलं, गुरुजींना इचार. म्हनली, इचारलं, गुरुजी म्हनत्यात पुस्तकात न्हाई."

ज्ञानेश्वरी टक लावून आत्याकडे बघत होती. तिला ही गोष्ट ठाऊक होती, अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. पण आत्याच्या तोंडून तिने ती आजवर ऐकली नव्हती.

"हे बघ ताई," सविता सरकून तिच्याजवळ बसली. "झालं ते झालं. तू लहान होतीस. सोळा वर्षांचं काय वय असतं. आता अण्णाही राहिले नाहीत. त्यांचं नाव मोठं होतंय तर आपण आडवं का यावं? आईने अंगठा दिलाय, मी सही केली, दादाने केली. तुझी तेवढी राहिली."

"मी करते की सही," चांगुणा म्हणाली.

मोनिकाचा चेहरा उजळला. तिने टीपॉयवरचा कागद आणि पेन उचललं.

"फकस्त एक ओळ त्यात घालायची. जास्ती न्हाई. 'चिठ्ठी त्या मुलीची नव्हती.' एवढं छापा, मी सही करते."

मोनिकाचा हात तसाच राहिला. अठ्ठावीस वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. ते ओरडून येईल, रडून येईल, चार लोकांसमोर येईल, असं त्याला वाटायचं. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं ते आलं.

"ताई, असं कसं?" सविताचा आवाज बदलला. "चिठ्ठी तुझ्या बाकाखाली सापडली. अण्णांनी स्वतः उचलली. आज ते नाहीत म्हणून आपण त्यांना खोटं पाडायचं? माझ्या सासरी अजून मला गुरुजींची मुलगी म्हणून ओळखतात. तुला नसेल त्याचं काही, पण मला आहे."

"मी खोटं कुनाला पाडत न्हाई. माझी नव्हती, एवढंच म्हनते."

"मग कुणाची होती?" मोनिकाने विचारलं.

चांगुणाने अमृतकडे पाहिलंसुद्धा नाही. सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. अमृतला वाटलं, हिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसाची त्याला आठवण काढावी लागत नव्हती, ती असायचीच. तो दहावीला एकदा नापास झालेला, म्हणून दोघं भावंडं एकाच साली परीक्षेला. आडनाव एक, म्हणून नंबर लागोपाठ. तो पुढच्या बाकावर, चांगू त्याच्या मागे. स्वतःच्या मुलांच्या केंद्रावर बापाला नेमू नये, एवढं पाहायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. व्हरांड्यात पथकाचे बूट वाजले आणि त्याच्या हातातली घामेजलेली चिठ्ठी खाली पडली. ती त्याने टाचेने मागे सारली. तेवढंच. बाकी सगळं इतरांनी केलं. चांगूचा पेपर काढून घेतला, तिच्यावर परीक्षेची बंदी आली, वर्तमानपत्रात बातमी आली, मे महिन्यात मिळेल त्या पहिल्या स्थळाला तिला उजवलं. वर्गात पहिली येणारी पोरगी. त्याच जूनमध्ये तो बेचाळीस टक्क्यांनी पास झाला. पुढे डी.एड., नोकरी, घर. अण्णांना फसवलं, हा काटा एवढा खोल गेला होता की तो आता हाडासारखा वाटायचा. अण्णांसारखा सरळ माणूस आपल्यामुळे चुकला, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"म्हणजे आजोबा चुकले होते?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "चिठ्ठी आत्याची नव्हती, तर आजोबांनी चुकीच्या माणसाला शिक्षा केली. मग तो पाठच..."

"ज्ञानू, मोठ्यांत बोलू नको," मोनिका म्हणाली.

"चुकलं न्हाई ते."

बनुबाईचा आवाज खिडकीतून आल्यासारखा आला. सगळ्यांच्या माना वळल्या. म्हातारी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून ताठ बसली होती. नवऱ्याला कुणी चुकलेला म्हटलं की तिला आयुष्यभर सोसत नसे, तसंच ते आत्ताही सोसलं नव्हतं.

"माझा नवरा काय आंधळा नव्हता," ती म्हणाली. "दोघा पोरांना पाटीवर हात धरून त्येंनीच गिरवाया शिकवलं. कुनाचं अक्षार कसं, त्येंना कळत नव्हतं व्हय? चिठ्ठी उचलली तवाच वळखलं त्येंनी. अमृतचं अक्षार डाव्या अंगाला कलतं."



"आई," अमृत म्हणाला.

"घरी आलं, जेवलं न्हाई. मला म्हनलं, एकाला बुडवायचंच हुतं, बनू. पोरगा आधीच एकदा बसलाय. आता बंदी आली तर जन्माचा बसंल, आन् त्याच्यासंगं घर बसंल. पोरीला काय, आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायाचंय. तिला कुठं नोकरी करायचीय." बनुबाई हे अभिमानाने सांगत नव्हती आणि लाजेनेही नाही. नवरा बिनअकलेचा नव्हता, विचार करून वागला, एवढंच तिला सांगायचं होतं. "त्येंना लई लागलं. कुनाला दिसलं न्हाई, पर लागलं."

"आणि ती चिठ्ठी वर गेली असेल की, कारवाईबरोबर," मोनिका म्हणाली. "कुणी अक्षर ताडून पाहिलं नाही?"

"बापच म्हनतो माझी पोरगी, तर दुसरा कोन कशाला ताडतोय?"

अमृत उठून उभा राहिला होता. कधी उठला ते त्याला कळलं नाही. अण्णांनी चिठ्ठी उचलली, उलगडली, आणि मान वर करून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या बघण्याचा अर्थ त्याने आजवर एकच लावला होता, की मुलीच्या दुःखात बाप मुलाकडे आधाराला बघतो आहे. अण्णा फसले नव्हते. त्यांनी दोघा पोरांना तराजूत घातलं होतं आणि पारडं कुठं झुकवायचं ते उभ्या उभ्या ठरवलं होतं, आणि लोकांनी त्यालाच चारित्र्य म्हटलं.

"चिठ्ठी माझी होती," तो म्हणाला. आता ते सांगून काही उपयोग नव्हता, तरी म्हणाला. "मी टाचेनं मागं सारली."

"म्हाईत हाय मला," चांगुणा म्हणाली. "तू पाय मागं घेतलास, तवाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? मी उभी ऱ्हायले. तोंड उघडायच्या आत अण्णा म्हनले, ही माझी मुलगी हाय. घरी आल्यावर वाटलं, आता इचारतील. उंद्या इचारतील. हळदीला बसले तवाबी वाटलं." तिने दोरा तोडला. "इचारलं असतं, तरी तुझं नाव सांगितलं नसतं मी. तेवढं हुतं माझ्या अंगात. पर त्येंनी इचारलंच न्हाई. का इचारलं न्हाई, ते आज कळलं. त्येंना म्हाईतच हुतं."

हे म्हणताना पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. ती आईकडे बघत होती. "तुलाबी म्हाईत हुतं."

बनुबाईने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग जे झालं ते अमृतच्या ध्यानीमनी नव्हतं. सविताने टीपॉयवरचा कागद ओढला आणि स्वतःच्या सहीवर पेनाने आडव्यातिडव्या रेघा मारल्या. "मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "अण्णांनी मला सांगितलं होतं, चांगूशी बोलायचं नाही, तिनं घराला काळं फासलंय. लग्नापर्यंत मी बोलले नाही. एका पांघरुणात झोपायचो आणि मी बोलले नाही ताई."

"तू ल्हान हुतीस," चांगुणाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळापूर्वी हेच शब्द सविताने तिला ऐकवले होते.

"कागद खराब केलात तुम्ही," मोनिका म्हणाली. तिने तो हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. ती वाईट बाई नव्हती. वीस वर्षं तिने सासऱ्यांचं सगळं केलं होतं, शेवटचं वर्षभर अंथरुणातलंही. ज्या माणसाचं केलं तो कोण होता, हे तिला या वयात नव्याने शिकायचं नव्हतं. "मी एक सांगू का? तो प्रसंग काढून टाकू. शाळेसाठी वर्गणी गोळा केली, रात्रशाळा चालवली, एवढं ठेवू. ताईंचं पण मन राहील आणि अण्णांचं नावही राहील."

"त्यो काढला तर उरतं काय वहिनी?" चांगुणा शांतपणे म्हणाली. "तेच्यामुळंच तर धडा हाय."

"मग तुम्हाला काय हवंय? यांनी उद्या ऑफिसात जाऊन सांगायचं, की चिठ्ठी माझी? मुख्याध्यापकाने? शिबिरं घेणाऱ्या माणसाने? ज्ञानू दहावीला आहे. तिला शाळेत काय म्हणतील पोरी?"

"म्हणू देत," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तू आत जा."

पोरगी उठली, पण आत गेली नाही. आत्याजवळ जाऊन खाली सतरंजीवर बसली.

सविताने डोळे पुसले. "वहिनी म्हणतात तेही खोटं नाही," ती पुटपुटली. "पाठ नको. पण बाहेर कशाला सांगायचं? घरातलं घरात राहू दे." रेघा मारून ती बहिणीच्या बाजूने झाली होती; आता अर्ध्या वाटेवर थबकली.

"मी सांगतो," अमृत म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "उद्या सांगतो. चिठ्ठी माझी होती, असं लिहून देतो."

चांगुणाने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, आणि भरवसाही नव्हता. "बघ," ती म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली. "माझी साडेतीनची गाडी हाय. सकाळी शाळेत डाळ भिजवायची ऱ्हाती."

फाटकाशी ज्ञानेश्वरीने तिचा नंबर मोबाईलमध्ये घेतला. अमृतने चांगुणाला मोटारसायकलवर स्टँडवर सोडलं. गाडीत चढताना ती म्हणाली, "आईवर राग धरू नको. तिला त्येंच्याबिगर दुसरं कायीच म्हाईत न्हाई." गाडी हलल्यावर त्याला आठवलं की पंगतीत चांगूचं ताट कुणी वाढलं ते त्याने पाहिलं नव्हतं. ती जेवली की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं.

त्या रात्री मोनिका त्याच्याशी एकच वाक्य बोलली. "एवढं सगळं तुमचं तुम्ही उभं केलंय, ते लक्षात ठेवा." आपलं उभं केलेलं कोणतं, याचा तो पहाटेपर्यंत विचार करत पडला.

सोमवारी अकराला तो पंचायत समितीत गेला. रात्री लिहिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी खिशात होती. ज्या साहेबांकडे पुस्तिकेचं काम होतं ते फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच बसायची खूण केली. समोर चाचणीच्या प्रतींचा गठ्ठा, वरच्या प्रतीच्या उघड्या पानावर अण्णांचा टोपीतला फोटो.

"या बोराटे सर," फोन ठेवत साहेब म्हणाले. "आणलं का संमतीपत्र? तुमचंच राहिलंय."

"साहेब, तो पाठ काढावा लागेल."

"का हो?"

अमृतने खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. दारातून एक ओळखीचे शिक्षक डोकावले, नमस्कार करून बाजूच्या खुर्चीत बसले; शिबिरातले. शिपाई चहा घेऊन आला. साहेब वाट बघत होते.

"एका वारसाची सही नाही," अमृत म्हणाला.

"कुणाची?"

"दोन बहिणींतल्या थोरलीची."

"म्हणजे त्या पाठातल्याच ना?" साहेबांनी मान हलवली. "कॉपीत सापडल्या त्या. अजून राग धरून बसल्या म्हणायच्या. बापाच्या पुण्याईची किंमत पोटच्यांनाच नसते बघा."

शेजारचे शिक्षक हळहळले. "गुरुजींचं नशीब. जिवंतपणी तिने मान खाली घालायला लावली, आता मेल्यावरही."

इथं बोलता आलं असतं. एवढी मोकळी जागा त्याला पुन्हा कधी मिळणार नव्हती. त्याने कप उचलला आणि चहाचा घोट घेतला. साहेबांनी रजिस्टरात एक ओळ लिहून ते पुढे केलं. 'वारसाची संमती नसल्याने पाठ वगळला' असं त्यात लिहिलेलं होतं. अमृतने खाली सही केली. डावीकडे कलणाऱ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले. "जिल्ह्याचं तुमचं नक्की आहे."

घरी आला तेव्हा दीड वाजला होता. ज्ञानेश्वरीची शाळा सकाळची; ती दप्तर न उतरवता ओट्यावर बसली होती, वाट बघत.

"सांगितलं?"

"पाठ काढला त्यांनी."

"तुम्ही काय सांगितलं पप्पा?"

खोटं सांगता आलं असतं. पण तेवढी ताकदही त्याच्यात राहिली नव्हती. "आत्याची सही नाही, असं सांगितलं."

"एवढंच?"

"तेवढ्यावर काम झालं."

तिने मोबाईल काढला, नंबर लावला, आणि ती त्याच्यासमोरच उभी राहिली.

"आत्या, मी ज्ञानेश्वरी. पाठ काढला... हो, आजच... नाही. पप्पांनी ते नाही सांगितलं. तुमची सही नाही म्हणून काढला." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "हो, आहेत. इथंच आहेत." तिने फोन बापापुढे धरला.

अमृतने तो कानाला लावला. पलीकडे ताटांचा खणखणाट होता, पोरांचा गलका होता, कुणीतरी कुणाला रांगेत बस म्हणून दटावत होतं.

"चांगू," तो म्हणाला.

"दादा, पोरं ताटं घेऊन बसल्यात," चांगुणा म्हणाली. "मी वाढून घेते."

गलका तुटला. तो फोन कानाला लावून तसाच उभा होता. ज्ञानेश्वरीने थोडा वेळ हात पुढे करून वाट पाहिली, मग फोन त्याच्याजवळच राहू देऊन ती आजीचं ताट करायला आत गेली.